हॉटडॉगची बखर आणि पोपटीचे मडके

गेल्या पौषात आमचा भाचा पंधरा दिवसांच्या रजेवर अमेरिकेहून पनवेलास आमच्याकडे आला होता. न्यू जर्सी संस्थानात त्याचे बिऱ्हाड आहे; आणि तिकडील पुष्कळ गृहस्थांप्रमाणे त्यालाही सुट्टीच्या दिवशी परसात धुरावर अन्न शिजविण्याचा नाद लागलेला आहे. त्याकरिता तिकडे ‘स्मोकर’ नावाची एक बंद शेगडी मिळते. ती येथे आयती मिळेना, तेव्हा चिरंजीवांनी पत्र्याचे एक कोरे पिंप विकत आणले, तळाशी वारा शिरण्यापुरती भोके पाडली, मध्यभागी लोखंडी जाळी बसविली, झाकणास एक लहानसे धुराडे काढले, आणि आमच्या गच्चीवर स्मोकर उभा केला. तळाशी कोळसा, कोळशावर आंब्याच्या लाकडाचे चार तुकडे, जाळीवर कोंबडीच्या मांसाचे तयार सॉसेज आणि वर झाकण, असा सर्व थाट झाल्यावर सुमारे तासाभराने आम्हां सर्वांस गच्चीवर बोलावणे आले. लांबट पावात एकेक सॉसेज ठेवून, वर वाटलेली मोहरी लावून, त्याने ते आमच्या हाती दिले. हाच तो सुप्रसिद्ध हॉटडॉग. आमच्या मातोश्री शाकाहारी आहेत. त्यांनी दुरूनच वास घेतला व ‘वास बरा आहे हो’ एवढा अभिप्राय देऊन त्या खाली गेल्या.

खाता खाता भाच्याने आम्हांस हॉटडॉगचा इतिहासही ऐकविला. कोणत्या जर्मन भाषिक शहरांवरून ह्या सॉसेजला नावे पडली, न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोणी कोणत्या साली दुकान मांडले, किंमत किती सेंट ठेवली, इंग्लंडच्या राजाने तो कोणत्या तारखेस खाल्ला, हे सर्व त्यास मुखोद्गत होते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्यास कर्नाळ्याच्या बाजूस एका स्नेह्यांच्या शेतावर पोपटी खावयास नेले. रात्र थंड होती, शेंगा कोवळ्या व भरलेल्या होत्या, आणि मडके उत्तम साधले होते. हात पुसता पुसता त्याने सहज विचारले, “मामा, ही पोपटी केव्हापासून करतात हो? हिचा इतिहास काय?” आम्ही गेली तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवीत आहो. पेशव्यांच्या स्वाऱ्यांच्या तिथी कोणी विचाराव्या, आम्ही सांगाव्या. परंतु आमच्या गावाशेजारी, आमच्या डोळ्यांदेखत दरसाल शिजणाऱ्या ह्या अन्नाविषयी एक सनही आमच्या तोंडून निघाला नाही. शेतावरचे एक वृद्ध आगरी शेतकरी, ज्यांना सारा गाव काका म्हणतो, ते विस्तव सारीत होते. ते हसून एवढेच म्हणाले, “आमचा बा करायचा.”

त्या रात्री आम्हांस झोप लवकर आली नाही. एका पदार्थाची बखर तोंडपाठ, आणि दुसऱ्याच्या वाट्यास बापाच्या आठवणीपलीकडे काही नाही, असे का व्हावे? एक पदार्थ थोर आणि दुसरा क्षुद्र, म्हणून असे झाले काय? आमच्या मते तसे मुळीच नाही. ह्याचे कारण निराळे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी प्रथम त्या धुराकडेच पाहिले पाहिजे.

लाकूड भडकून जळू न देता धुमसत ठेवले म्हणजे त्यातील लिग्निन नावाचे द्रव्य उष्णतेने फुटते, आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल ह्यांसारखी वासाची द्रव्ये धुराबरोबर वर येतात. आपण ज्याला धुराचा खमंगपणा म्हणतो तो मुख्यत्वेकरून ह्यांचा. धुरातच जी फिनॉल जातीची द्रव्ये, आम्ले व फॉर्मल्डिहाइड असतात, ती मांसाच्या पृष्ठभागावर जंतूंची वाढ रोखतात आणि चरबी खवट होण्याचे लांबणीवर टाकतात. अर्थात् एकट्या धुराने मांस टिकत नाही. त्यास मिठाची व सुकविण्याची जोड लागते. मीठ, वारा आणि धूर ह्या तिघांनी मिळून, बर्फाची पेटी जन्मास येण्यापूर्वी, हजारो वर्षे मनुष्याचे कोठार राखले. आमच्या आजोळी चुलीच्या वर माळा होता. त्यावर काकडी-भोपळ्याचे बी व मक्याची कणसे टांगलेली असत, आणि धुरामुळे त्यांस कीड लागत नसे. स्मोकर हे त्या माळ्याचेच पत्र्याचे रूप होय.

आता मौज पाहा. भाच्याने गच्चीवर जे सॉसेज धुरावर ठेवले, ते कारखान्यातून शिजूनच आलेले होते. स्मोकरमधील उष्णता साधारणपणे १०५ ते १२० अंश सेंटिग्रेड राखतात; तेवढ्या तासाभरात ते गरम झाले व त्यास वास लागला, इतकेच. ते टिकविण्याची काहीच गरज नव्हती, कारण खाली स्वयंपाकघरात फ्रीज चालू होता. म्हणजे ज्या गरजेपोटी धूर देण्याची रीत निघाली, ती गरज केव्हाच गेली. मागे राहिली ती गोडी. परंतु हॉटडॉगची बखर घडली ती त्या गरजेच्या काळात, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

आतड्यात किंवा जठरात सारण भरून ते विस्तवावर भाजण्याची कल्पना फार जुनी आहे. होमरच्या ‘ओडिसी’ काव्याच्या विसाव्या सर्गात, झोप न लागून ह्या कुशीवरून त्या कुशीवर होणाऱ्या नायकास, चरबी व रक्त भरलेले जठर निखाऱ्यांवर उलटसुलट करणाऱ्या मनुष्याची उपमा दिलेली आहे. उपमा ही श्रोत्यांच्या परिचयाच्या वस्तूचीच देतात. तेव्हा ग्रीसमध्ये हा पदार्थ त्या काळी घरोघर ठाऊक असला पाहिजे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नामक संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे जे प्रकरण आहे, त्यात मांस भाजण्याच्या अनेक कृतींबरोबर आतड्यांत सारण भरून ती निखाऱ्यावर भाजण्याचीही कृती आहे. तेव्हा सॉसेज म्हणजे केवळ म्लेंच्छांची वस्तू, असे समजण्याचे कारण नाही.

तथापि हा पदार्थ मोठा झाला तो थंड मुलुखात. युरोपातील शेतकऱ्यास हिवाळाभर सगळी डुकरे पोसणे परवडत नसे. म्हणून हिवाळ्याच्या तोंडी त्यातील काही मारून, मीठ लावून, धुरावर टांगून ती पुढील महिन्यांसाठी ठेवावी लागत. अमेरिका खंडातही तेथील मूळ रहिवासी लाकडाच्या माचीवर मांस पसरून खालून धूर देत. त्या माचीस ब्राझीलकडील तुपी भाषेत ‘बुकान’ अशा उच्चाराचा शब्द होता. आणि कॅरिबियन बेटांवर ह्या रीतीने रानटी गुरांचे मांस टिकविणारे जे फ्रेंच लोक पुढे समुद्रात लूटमार करू लागले, त्यांस ह्यावरूनच ‘बुकॅनियर’ हे नाव मिळाले. चाच्यांच्या एका संबंध जातीचे नाव धुरावरच्या मांसावरून पडावे, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटते. ज्यापाशी टिकणारे मांस आहे, तोच दूरचा समुद्र ओलांडू शकतो.

फ्रँकफुर्ट व व्हिएन्ना ह्या दोन शहरांवरून ‘फ्रँकफुर्टर’ व ‘वीनर’ ही नावे घेऊन हे सॉसेज एकोणिसाव्या शतकात जर्मन व ऑस्ट्रियन वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेस गेले, आणि तेथे पावात शिरून हॉटडॉग झाले. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर ह्यांची ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाणीचे तीतील वर्णन वाचून लोक हादरले, आणि त्याच वर्षी तेथील काँग्रेसने मांसतपासणीचा कायदा केला. १९१६ साली पोलंडातून आलेल्या नेथन हँडवर्कर नामक ज्यू गृहस्थाने न्यूयॉर्कनजीक कोनी आयलंड येथे हॉटडॉगचे दुकान थाटले, आणि प्रतिस्पर्ध्याची किंमत दहा सेंट असता आपली पाच सेंट ठेवून गिऱ्हाईक ओढले. ११ जून १९३९ रोजी, महायुद्ध दाराशी आले असता, अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी आपल्या हाइड पार्क येथील घरी सहाव्या जॉर्ज बादशहास वनभोजनात हॉटडॉग वाढले. आणि ती वार्ता जगभर छापून आली.

इतके दूर तरी कशाला जावे? १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे सॉसेजही आले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत त्याचे रूप पालटले. माडाच्या ताडीचा शिरका, अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली लाल मिरची, मीठ व मसाला ह्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे मुरवून, आतड्यांत भरून, उन्हात सुकवून चुलीच्या धुरावर टांगलेली ती माळ म्हणजे गोव्याचे ‘चोरीस’. पावसाळ्यात मासळी मिळेनाशी होते, वाटा बंद पडतात. म्हणून वैशाखाच्या सुमारास तेथील कुटुंबे ‘पुरुमेंत’, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करून ठेवीत. त्या बेगमीत सुकी मासळी, मीठ, मिरची ह्यांच्या जोडीस ही माळही असे. युरोपात जे काम हिवाळ्यासाठी, तेच येथे पावसाळ्यासाठी. ऋतू निराळा, गरज एकच.

वरील हकीकतीत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. हॉटडॉगच्या प्रत्येक मुक्कामावर काही ना काही कागद आहे: राजाच्या पाकशाळेचा ग्रंथ, दुकानदाराचा भाव, कायदेमंडळाचा कायदा, वर्तमानपत्राचे वृत्त. टिकणारा पदार्थ विकता येतो. विकता येतो म्हणून तो प्रवास करतो. आणि प्रवाशाची नोंद प्रत्येक नाक्यावर होते. त्यावर जकात बसते, परवाना लागतो, तंटा झाला तर कोर्टात जबानी होते. इतिहासकाराचे भांडवल हेच. जो पदार्थ ज्या शेतात शिजला त्याच शेतात, त्याच रात्री, बोटे चाटून संपला, त्याची नोंद कोणत्या नाक्यावर व्हावी?

पोपटी हा असा पदार्थ आहे. पनवेल, पेण, अलिबाग, कर्जत ह्या भागांत भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल पेरतात. मार्गशीर्ष-पौषात शेंगा भरू लागतात, आणि तेव्हापासून माघापर्यंत पोपटीचे दिवस. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी कृती थोडक्यात देतो. मातीचे एक मडके घ्यावे. त्याच्या तळाशी भांबुर्डा नावाच्या रानटी झुडपाचा पाला दाबून बसवावा. हा उग्र वासाचा पाला त्याच दिवसांत शेताच्या बांधावर आपोआप उगवलेला असतो. त्यावर धुतलेल्या शेंगा, जाडे मीठ, ओवा. मधून मधून बटाटे, रताळी. खाणारे असतील तर अंडी, व केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबावा. मग मडके जमिनीवर पालथे घालून सभोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून विस्तव लावावा. आत पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. शेंगांची व पाल्याची जी आपली ओल, तिचीच वाफ होते. ती पाल्याच्या बुचामुळे कोंडते, आणि भांबुर्ड्याचा अर्क व भोवतालच्या धुराचा अंश घेऊन शेंगांत मुरते. तीस ते पंचेचाळीस मिनिटांत काम होते. झाले की नाही हे पाहण्यासाठी तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. ते चर्र वाजून तत्काळ उडाले म्हणजे पोपटी झाली. आमच्या भाच्याने उष्णतामापक बरोबर आणला होता. आत किती अंश उष्णता ठेवावी, असे त्याने काकांस विचारले. काकांनी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला.

हीच रीत थोड्या फरकाने उत्तरेस गुजराथेत वलसाडकडेही आहे. तेथे तिला ‘उंबाडियू’ म्हणतात, पाला निराळा, मडके मात्र तसेच पालथे. म्हणजे हा एखाद्या गावाचा खेळ नसून किनाऱ्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांची पिढीजात विद्या आहे. मात्र ती साठवणीची विद्या नव्हे. पोपटीत धूर आहे, पण तो टिकविण्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी त्या शेंगा चामट होतात. त्या बाजारात पाठविता येत नाहीत, जहाजावर चढविता येत नाहीत, राजास नजर करता येत नाहीत. शेत, हंगाम, पाला आणि चार माणसे एका जागी आली तरच पोपटी होते. म्हणूनच तिच्या नावाचा कागद दप्तरात शोधीत बसण्यात अर्थ नाही.

मग भाच्याच्या प्रश्नास उत्तरच नाही काय? आम्ही काही दिवस ह्याचा विचार केला, तेव्हा आमच्या असे ध्यानात आले की आम्ही दप्तर शोधीत होतो ते चुकीच्या मथळ्याखाली. पोपटीचा इतिहास लिहिलेला आहे. फक्त तो ‘पोपटी’ ह्या नावाने लिहिलेला नाही. मडक्यात काय काय जाते व मडक्याभोवती काय काय जळते, ह्याची यादी करून एकेका जिनसाचा माग काढला, म्हणजे कागद आपोआप हाती येऊ लागतात.

प्रथम वाल. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत वालाचे जळके दाणे मिळाले आहेत, आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात जातो. म्हणजे ही शेंग ह्या द्वीपकल्पात होमरच्या काव्याहूनही जुनी आहे. तिच्या शेजारी पडलेला बटाटा मात्र कालचा पाहुणा. बटाटा व रताळे ही दोन्ही अमेरिका खंडाची पिके, आणि ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास चौल-रेवदंड्यास ठाणे दिले, १५३४ मध्ये वसई घेतली, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकीपर्यंत ते उत्तर कोकणात नांदत होते. ज्या लोकांनी गोव्याच्या चोरिसास मिरची दिली, त्यांच्याच गलबतांच्या वाटेने ही कंदमुळे आमच्या मडक्यापर्यंत आली. पोपटी ही केवळ प्राचीन आहे असे जे कोणी अभिमानाने म्हणतात, त्यांनी मडके उपडे करून आत पाहावे; त्यात निदान दोन युगे शेजारी शेजारी भाजलेली दिसतील.

दुसरे मीठ. पनवेल-उरण-पेणच्या खाड्यांवर आगरी लोकांनी बांध घालून मिठागरे राखली. त्या समाजाचे नावच आगराशी निगडित आहे. मिठावर सरकारचा कर, म्हणून मिठाचा कागद मुबलक. तिसरे जळण. शेतकऱ्याने काटक्या कोठून आणावयाच्या? डोंगरातून. इंग्रजी अमलात ते जंगल राखीव झाले, आणि लाकूड-गवत आणणे हा गुन्हा ठरू लागला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणनजीक चिरनेर येथे आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला. त्या वेळी झालेल्या गोळीबारात आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. हा प्रसंग आम्ही वर्गात स्वातंत्र्याच्या चळवळीचे एक प्रकरण म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच आहे; परंतु ज्या लाकडासाठी ती माणसे गेली ते त्यांच्या चुलीतले लाकूड होते, हे सांगावयाचे आम्ही आजवर विसरलो.

चौथी गोष्ट जमीन. पनवेलची नोंद कागदोपत्री कमी आहे असे नव्हे. पनवेलच्या खाडीत गलबते लागत, आणि १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबई-पुण्याची वाहतूक ह्या गावावरून वाहू लागली. १८६३ साली घाटातून आगगाडी गेली, ती कल्याण-कर्जतच्या मार्गाने. तेव्हा पनवेलच्या व्यापारास उतार लागला. ह्या सर्वांचा हिशेब इंग्रजांनी बारकाईने ठेविला आहे. पण वाहतूक गेली तरी शेते राहिली, आणि शेते राहिली तोवर पोपटी राहिली. खरा पालट १७ मार्च १९७० नंतरचा. त्या दिवशी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याचा प्रश्न चिघळत गेला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जासई व दास्तान फाटा येथे शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादिलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यास परत देण्याची जी योजना पुढे आली, तिच्या मागे हे रक्त आहे. जानेवारी म्हणजे पौष. वालाच्या शेंगा भरण्याचेच ते दिवस.

त्या जमिनींवर आज काय आहे, हे पनवेलकरांस सांगावयास नको. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली. उलव्याचा डोंगर कापून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावे उठवून जो विमानतळ बांधला, त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आमची सदनिका ज्या इमारतीत आहे तिच्याखालीही एके काळी भाताचे खाचर होते. ज्या गच्चीवर भाच्याने स्मोकर मांडला, त्या गच्चीखालच्या जमिनीवर कोणाचा तरी बा पोपटी करीत असेल. तेव्हा गाऱ्हाणे गाण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही स्वतः त्या पालटाचे लाभार्थी आहो.

कोणी म्हणेल, हा सर्व शोक अस्थानी आहे. पोपटी काही मेली नाही. उलट पूर्वी जी शेतकऱ्यांपुरती होती ती आता पुण्या-मुंबईच्या लोकांस माहीत झाली आहे, शेतघरांवर तिच्या मेजवान्या होतात, हंगामात मडके भरून देणारेही भेटतात. हे खरे आहे, आणि आम्हांस त्याचा आनंदच आहे. विकतच्या शेंगा आणून कोणी पोपटी केली, तर आम्ही तिला खोटी म्हणणार नाही; तसे म्हटले तर फ्रीज असताना धूर देणाऱ्या आमच्या भाच्यासही खोटा म्हणावे लागेल. गरज सरल्यावर गोडी उरणे, हा अन्नाचा सार्वत्रिक नियम दिसतो. जुने ते सर्व हितकर, असाही आमचा आग्रह नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली, खारवून वा धूर देऊन टिकविलेल्या मांसास कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत गणले आहे. भाच्यानेही हॉटडॉग सणावारीच खावा, असे आम्ही त्यास सांगितले.

आमचे म्हणणे एवढेच की गोडी टिकते तशी विद्या टिकत नाही. मडके किती भरावे, म्हणजे वाफेस जागा राहते. शेंग दाबून पाहावी ती कोठे. जून शेंगा तळाशी की तोंडाशी. वारा कोणीकडचा असता गोवऱ्या कोणत्या बाजूस अधिक लावाव्या. भांबुर्डा फुलावर आल्यावर चालतो की नाही. हे काकांस ठाऊक आहे. त्यांच्या मुलास त्यातील निम्मे ठाऊक आहे. नातू विमानतळाच्या कामावर आहे, आणि त्यास पोपटी आवडते. सॉसेजची विद्या कारखान्याच्या वहीत व कायद्याच्या कलमांत जाऊन बसली. मनुष्य गेला तरी ती राहील. पोपटीची विद्या मनुष्याबरोबर जाते. मिठाची, लाकडाची व जमिनीची नोंद सरकारने केली, कारण त्यात कर होता. वाफेस किती जागा सोडावी, ह्यात सरकारला कर दिसला नाही. तेव्हा ती नोंद आपणच केली पाहिजे.

भाचा परत गेल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. तिकडे गोठविलेल्या वालाच्या शेंगा मिळाल्या होत्या, मातीचे भांडेही मिळाले होते. भांबुर्ड्याऐवजी कोणता पाला घालावा, हे काकांस विचारून कळवा, असा त्याचा निरोप होता. आम्ही तो काकांस पोहोचविला. काकांनी क्षणभर विचार केला व म्हणाले, “त्याला म्हणावं, उकडून खा. पोपटी खायला हितं ये.” आम्ही ते उत्तर जसेच्या तसे कळविले.

त्यानंतर आम्ही एक वही घातली आहे. पहिल्या पानावर ‘आमचा बा करायचा’ एवढेच लिहिले आहे. पुढील पानांवर काकांकडे दर रविवारी जाऊन जे कळेल ते टिपीत आहो, आणि काकूंचे म्हणणे काकांहून पुष्कळदा वेगळे पडते, तेही टिपीत आहो. ज्या वाचकांच्या घरी, आजोळी किंवा शेजारी पोपटी होत असेल, त्यांस आमची विनंती आहे की येत्या पौषात मडके उपडे करण्यापूर्वी त्यांनी चार ओळी लिहून ठेवाव्या: तारीख कोणती, गाव कोणते, शेंगा कोणाच्या शेतातील, पाला कोणी खुडला, मडके कोणी लावले, आणि त्यास ते कोणी शिकविले. शेंगा गरम असतानाच खाव्या; लिहिणे सकाळी झाले तरी चालेल.